विरजणापुरती

पुसद
२२ जुलै २००४

ती. आत्यास,
निकिताचा नमस्कार.

एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमच्या शाळेची व्यसनमुक्तीची फेरी निघणार आहे आणि फलकांचं काम माझ्याकडे आलं आहे. परवा सातवीच्या मुलींकडून रंगवून घेत होते. नालीत पडलेला माणूस, हातात बाटली, बाजूला कुत्रं. कुत्रं फार छान जमलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची गुंजन उठून म्हणाली, "मॅडम, जो पडत नाही तो बेवडा असते का नसते?" बाकीच्या मुली हसल्या. मी तिला म्हटलं, "खाली बस, रंग वाळू दे." घरातली पहिली पदवी घेतलेल्या बाईचं हे उत्तर. या पदवीचे पेढे बाबांनी बसस्टँडपर्यंत वाटले होते.

मला तेव्हा बाबाच डोळ्यांपुढे आले. मे महिन्यात मी घरी होते, तेव्हा सकाळी ते चहाचा कप उचलत नव्हते. बशी ओट्यावर ठेवून तोंड खाली नेऊन पीत होते. मी विचारलं तर म्हणाले, "गरम हाय." मग गोठ्याकडे गेले, परत आले, आणि त्याच हातांनी माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून दिला. टाका एकही वाकडा पडला नाही.

आत्या, आई गेल्यापासून हे घर तू चालवतेस. तुला दिसत नाही असं घरात काही नाही. बाबा रोज घेतात का? सकाळीही घेतात का? फोनवर विचारलं असतं, पण किराणा दुकानातल्या फोनवर तू बोलतेस आणि ऐकतं सगळं गाव. खरं ते लिही.

तुझी,
निकिता


बोरी अरब
२९ जुलै

चि. निकितास,
आत्याचा आशीर्वाद.

तुहं पत्र वाचता वाचता माही चूल विझली. एवढी शिकली अन् आता बापाचा फलक रंगवतं काय?

तुह्या बापानं आजवर कोणाले शिवी देल्ली नाही. माय गेल्यावर तुले न्हाऊ म्या घातलं, पण वेणी तो घाले, अन् माह्यापेक्षा चांगली घाले. बेवडा म्हणजे तो बसस्टँडवरचा किसना. त्याले चार माणसं उचलून घरी आणते. तुहा बाप भगवान आपल्या पायानं येते, चप्पल जाग्यावर काढते, हात धुते अन् जेवते. पेते, मी नाही म्हणत नाही. रोज पेते. पण कापसाले अळी अशी, भाव असा, या दिवसांत कोण नाही पेत? ज्याची पऱ्हाटी चांगली तोही पेते, ज्याची जळली तोही पेते.

अन् त्याची शिस्त पाह्य. सारी कधी पेत नाही. सकाळसाठी काढून ठेवते, गोठ्यातल्या कोनाड्यात. किसनानं ठेवली असती का? सकाळी विरजणापुरती घेतली का त्याचे हात चालू होते, मंग दिवसभर बैलासारखा राबते. मुक्कामालेही आता कुठी जात नाही. महागावले लग्न होतं, सारे थांबले, हा रात्रीच वापस आला. घर सोडवत नाही त्याले.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे श्रावण. दरसाल पाळते. यंदा अधिक आला, देवानं दोन श्रावण देल्ले. तो म्हणे, "ताई, अधिक कायले, निजच खरा." मीही म्हटलं बरोबर हाय. ज्याले श्रावण पाळता येते तो बेवडा नसते. हे तुह्या त्या गुंजनले सांग.

अजून एक. त्याच लग्नात तुह्यासाठी स्थळ निघालं. मंदार नाव, महागावलेच शाळेत मास्तर हाय. दिवाळीत पाहाले येतो म्हणते. म्हणून असं काही कागदावर लिहत जाऊ नको. कागद राह्यते.

तुही आत्या,
विमल


पुसद
५ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझ्या पत्रातला एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. विरजण.

आत्या, दही लागल्यावर तू रोज थोडं बाजूला काढून का ठेवतेस? उद्या दही लागायलाच हवं म्हणून. ज्याचं उद्या अडणार असतं तोच विरजण ठेवतो. बाबा बाटलीत थोडी ठेवतात याला तू शिस्त म्हणतेस. मला वाटतं, सकाळी ती नसली तर काय होईल हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून ते ठेवतात. आणि महागावच्या लग्नातून ते रात्री परत आले, ते घर सोडवत नाही म्हणून, की कोनाडा सोडवत नाही म्हणून? तू ज्या ज्या गोष्टीला बाबांचा गुण म्हटलंस, ती मला उलटी वाचता येते आहे. तुला राग येईल, पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी तसंच वाचलं गेलं.

पण मी घाबरलेली नाही. तूच रस्ता दाखवला आहेस. श्रावणाची परीक्षा म्हणालीस ना, मग या वर्षी ती खरी घेऊ. पहिल्याच दिवशी कोनाडा रिकामा कर. विरजणही नको, थेंबही नको. त्यांना माझी शपथ घाल. ते माझा शब्द मोडणार नाहीत. एकदा मनाने घेतलं की माणूस काहीही सोडू शकतो, यावर माझा विश्वास आहे.

महागावच्या स्थळाचं नंतर बोलू.

तुझी,
निकिता


पुसद
१६ ऑगस्ट, सोमवार

ती. आत्यास,
हे पत्र मिळताक्षणी वाच. दुकानातला फोन कालपासून लागत नाही, म्हणून जलद डाकेने पाठवते आहे.

माझं मागचं पत्र चुकीचं होतं. बाबांची दारू एकदम बंद करू नको.

काल झेंडावंदनाला डॉक्टर शीला पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या इथे व्यसनाचे रोगी बघतात. चिवड्याच्या बशा वाटता वाटता मी त्यांना विचारलं. मी सांगायला लागले की माझे वडील किती पितात, तर म्हणाल्या, "किती ते राहू दे. नाही प्यायले की काय होतं ते सांग." मी बशीतला चहा सांगितला, तुझं विरजण सांगितलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

त्या म्हणाल्या, "सवय असते तोवर माणूस दारू घेतो. तुझ्या वडिलांचं शरीर आता दारूवर उभं आहे. पडत नाहीत ते त्यामुळेच. ती एकदम काढली तर झटके येतात, नसलेलं दिसायला लागतं, जीवही जातो. दवाखान्यात ठेवून, औषध देऊन उतरवावी लागते."

मी म्हटलं, "पण ते दर श्रावणात सोडतात." त्यांनी विचारलं, "श्रावणात दुसरं काही घेतात का? एखादं आसव वगैरे?"

आत्या, गेल्या दोन वर्षांच्या श्रावणांत बाबांनी माझ्याकडून द्राक्षासवाच्या बाटल्या मागवल्या होत्या. पोट साफ राहत नाही म्हणून. एसटीच्या कंडक्टरच्या हाती खोकंभर मीच पाठवत होते. द्राक्षासवातही मद्य असतं. श्रावण त्यांनी कधी पाळलाच नव्हता, आणि तो पाळायला मदत मी करत होते.

उद्यापासून निज श्रावण लागतो. कोनाडा रिकामा केला असशील तर बाबांना लगेच यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ने. अजून केला नसशील तरी ने, आणि डॉक्टर बघेपर्यंत त्यांची रोजची बंद करू नको. हात कापणं, झोप न लागणं, भलतंच काही दिसणं, यातलं काहीही झालं तर थांबू नको. तिथे पोचल्यावर काहीही न लपवता सांग.

निकिता


बोरी अरब
२२ ऑगस्ट

चि. निकितास,
आशीर्वाद.

भगवान यवतमाळच्या दवाखान्यात हाय. जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणते. पहिलं हे लिहलं, आता बाकीचं वाच.

मंगळवारी म्या कोनाडा रिकामा केला, तुही शपथ घातली. तो हसला. म्हणे, "पोरीची शपथ कायले, मी असाच पाळतो." बुधवारी हात असे कापे का घास तोंडात जाये ना. म्या भरवला. गुरुवारी रात्रभर बाजेवर बसून होता. शुक्रवारी सकाळी पाह्यतो तं गोधडीवरून काहीतरी वेचून राह्यला. म्हटलं काय वेचतं रे, तं म्हणे, "ताई, बोंडअळी चढली. डबा आण." पोरी, म्या डबा आणून देल्ला. काय करू, मले समजे ना. तो एकेक अळी वेचे अन् डब्यात टाके, डबा रिकामाच. वर म्हणे, "झाकण लाव, नाही तं तुह्या लुगड्यावर चढतीन."

मले वाटलं कोणी काही केलं. निंबू उतरवाले बसलीच होती, तं पोस्टमन तुहं पत्र घेऊन दारात. उभ्यानं वाचलं अन् निंबू तसाच टाकला. शेजारच्या नेमसिंगची जीप होती, तिच्यात घातलं. अर्ध्या वाटेत त्याले झटका आला. नेमसिंगनं जीप बाजूले लावली, त्याले कुशीवर वळवलं, झटका थांबला का मंग जे निघाला ते दवाखान्याच्या दारातच थांबला. डॉक्टरनं पहिलं विचारलं, "शेवटची कधी घेतली?" म्या विरजणासकट सारं सांगतलं. तो लिहत गेला अन् म्हणे, "बाई, वेळेवर आणलं."

मी गुरांसाठी काल वापस आली. गावानं पहिलं काय विचारलं माहीत हाय? फवारणीचं औषध घेतलं काय. आजकाल माणूस जीपमंदी घातला का लोकायले दुसरं सुचतच नाही. म्या म्हटलं, कावीळ. बस, सारे गप.

पेऊन कधी पडला नाही, सोडून पडला. तुह्या त्या पोरीले सांगजो.

तू सुट्टी टाक अन् यवतमाळले ये. तो तुहं नाव घेते.

विमल


यवतमाळ
१ सप्टेंबर

ती. आत्यास,
नमस्कार.

बाबा कालपासून कप हातात धरून चहा पितात. अर्धा कपच भरून घेतात, पण धरतात. परवा सोडणार आहेत.

तुला वाटत असेल आम्ही इथे तोंड पाडून बसलो आहोत. तसं नाही. बाबा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी दिवसभर तुरीवर भांडतात. कालचं बोलणं मात्र तुला सांगायला हवं.

डॉक्टर येऊन गेले तेव्हा बाबांनी मला हळूच विचारलं, "त्या कागदावर मले बेवडा लिहलं काय?"

"नाही. तो शब्द यांच्याकडे नाहीच."

"मंग काय लिहलं?"

"आजार लिहिला आहे. शरीराला दारूची गरज लागली आहे, असा."

"मी कधीही सोडू शकतो. दरसाल सोडतो."

"बाबा, द्राक्षासवात मद्य असतं."

मग म्हणाले, "गोड लागे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुकानदार म्हणे, भाऊ, हे देवाले चालते." आणि आत्या, ते हसले. हसता हसता डोळे पुसले. "देवाले चालते म्हटल्यावर मी कायले खोदून विचारू?"

मी रागावले नाही. खोदून मीही विचारलं नव्हतं. मी माझी चूकही त्यांना सांगितली, की शपथ माझ्या पत्रातून आली आणि तिने त्यांचा जीव गेला असता. ते म्हणाले, "तुही शपथ चांगली होती वो. अंगच तयार नव्हतं."

आता पुढचं. दर मंगळवारी इथे यायचं आहे. औषध घ्यायचं आणि सोडलेल्या माणसांच्या बैठकीत बसायचं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे, थोडी घेणं हा प्रकार यांच्यासाठी आता उरलेला नाही. तू एक कर. गोठ्यातला कोनाडा रिकामा ठेवू नको. पोळा जवळ आला आहे, बैलांच्या शिंगांचा रंग आणि कुंचले त्यात ठेव. त्यांचा हात सवयीने तिकडे जाईल, तेव्हा हाताला काहीतरी लागायला हवं.

तुझी,
निकिता


बोरी अरब
१९ सप्टेंबर

चि. निकितास,
बाबाचा आशीर्वाद.

सातवीनंतर एवढं लांब पत्र पहिल्यांदा लिहून राह्यलो, चुका पाहू नको.

पोळा चांगला झाला. शिंगं म्या स्वतः रंगवली, सकाळीच, काही न घेता. डाव्या बैलाच्या शिंगावर पट्टा ओढताना हात जरासा थांबला, पण पट्टा सरळ आला. मारुतीच्या पारापाशी तोरणाखाली उभा होतो तं लोक बैलाले पाहे अन् मी शिंगाले.

दुसरा दिवस, करीचा, अवघड गेला. तुले माहीत हाय, पाळलेला श्रावण करीले सुटते. मंडळी वावरात बसली. मटण शिजून राह्यलं होतं, वास बांधापर्यंत. मले बलावलं. म्या म्हटलं, कावीळ झाली, डॉक्टरनं मना केलं. सारे म्हणे बरोबर हाय, काविळीले सहा महिने पथ्य लागते. कोणी आग्रह केला नाही. मी मटण खाल्लं अन् उठलो. किसना बांधापर्यंत माह्यासोबत आला. म्हणे, "भगवानभाऊ, कावीळ मलेही झाली पाह्यजे." मी घराची वाट धरली.

म्हणून सांगतो, कावीळच राहू दे. महागावहून मंदारच्या वडिलायचा निरोप होता, दवाखान्यात काहून होते म्हणून. विमलताईनं तेच सांगतलं. सहा महिन्यानं कोणी विचारन नाही. तोवर डॉक्टरच्या गोळ्याही संपतीन. मंग कधी सणावाराले, चार लोकात, तेवढ्यापुरतं बसलो तं तुही हरकत नसावी. मले आता समजलं हाय किती घ्यायची ते.

मंगळवारच्या बैठकीले गेलतो. नुसतंच ऐकून आलो. बोलाले लागते म्हणते.

तुहा,
बाबा


पुसद
२५ सप्टेंबर

ती. बाबांस,
निकिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी वर्गात नेलं होतं. सगळं वाचून दाखवलं नाही, फक्त शिंगावरच्या पट्ट्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मुलींकडून शुद्धलेखनाच्या वहीत उतरवून घेतलं. एका मुलीने विचारलं, हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

करीच्या दिवशी तुम्ही वावरातून उठून आलात. त्या वासातून उठून येणं म्हणजे काय, हे मला कळणार नाही, पण तुम्ही ते केलंत हे मला माहीत आहे आणि मी ते विसरणार नाही.

आता दुसरं सांगते. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

कावीळ सहा महिन्यांनी बरी होते. म्हणून तो शब्द तुम्हाला आवडला आहे. आत्याने तो तुमची अब्रू राखायला वापरला, आणि त्या दिवशी, गाव तसलं विचारत असताना, तो बरोबरच होता. पण तुमच्या पत्रात तो वेगळ्या कामाला लागला आहे. बाबा, तुम्ही बाटली सोडलीत, कोनाड्यात रंग आला, आणि तरीही थोडी काढून ठेवली आहे. या वेळी ती काविळीत ठेवली आहे. सहा महिन्यांनी काढायची, तेवढ्यापुरती. विरजण किती असतं, बोटाच्या पेराएवढं. पण भांडंभर दूध त्यानेच फिरतं.

किसना तुमच्यासोबत बांधापर्यंत का आला, याचा विचार करा. त्या सगळ्या मंडळीत तुम्हाला काय झालं होतं हे त्याला एकट्याला कळलं आहे. त्याला कावीळ हवी आहे ती दवाखाना हवा म्हणून. त्याला खरं नाव सांगणारं माणूस गावात तुमच्याशिवाय दुसरं नाही.

गावाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मंगळवारच्या बैठकीत कधी बोलायचं तेही तुम्हीच ठरवा. त्यात मी पडणार नाही. एकदा माझ्या शपथेने काय झालं ते मी पाहिलं आहे. पण मंदार मला बघायला येणार आहेत. त्या घरात मी जाणार असेन तर खोटं घेऊन जाणारी मी असेन, तुम्ही नाही. त्यामुळे तेवढं सांगणं माझं होतं.

गुरुवारी आमची फेरी निघाली. नालीतला माणूस आम्ही पुसून टाकला, कुत्रं राहू दिलं, सगळ्यांना फार आवडतं म्हणून. त्या जागी ओट्यावर ठेवलेली एक बशी काढली आणि तिच्यावर वाकलेला माणूस. खाली काय लिहायचं ते गुंजनला विचारलं. तिने लिहिलं, "हा पडत नाही." बाजारातून जाताना तीन-चार बाया त्या फलकापाशी थांबल्या. एकीने तो बराच वेळ पाहिला आणि मग निघून गेली. गुंजनही माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देते आहे. जो पडत नाही त्यालाही हा आजार असतो. माझ्या वडिलांना आहे, आणि ते उपचार घेतात." तिने मान हलवली आणि फलक दुसऱ्या खांद्यावर घेतला. म्हणाली, "मॅडम, माझे बाबापण पडत नाहीत." सोमवारी तिची आई डॉक्टर शीलांकडे जाणार आहे. मी सोबत जाईन.

महागावला मी लिहिलं ते असं: माझ्या वडिलांना कावीळ झालेली नव्हती. दारूशिवाय शरीर चालू नये इतकी ती अंगात मुरली होती. आता ती पूर्ण बंद आहे आणि पुढे थोडीही चालणार नाही. तुमच्या घरी सणाला कोणी आग्रह करणार असेल तर हे स्थळ आम्हाला नको. हे मान्य असेल तर दिवाळीत या. चहा बाबा स्वतः आणून देतील, कपात.

ते पत्र आज सकाळी, शाळेत जाताना, पोस्टाच्या पेटीत टाकलं. आधी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असता आणि मी थांबले असते. म्हणून आधी ते टाकलं, आणि मग तुम्हाला हे लिहायला बसले.

तुमची,
निकिता